दिल्लीहून आलेलं पाकीट

पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत): सोलापुरातले एक चार्टर्ड अकाउंटंट, वय ४२. नव्या पेठेत छोटं ऑफिस. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं ऑडिट नऊ वर्षांपासून त्यांच्याकडे आहे. कारखाना दोघा भावांचा, आणि गेल्या वर्षी भावाभावांत फाटलं. आता धाकट्याने चार्टर्ड अकाउंटंट्स इन्स्टिट्यूटकडे तक्रार केली आहे की, थोरल्याच्या सांगण्यावरून शिल्लक माल फुगवून दाखवलेल्या ताळेबंदावर सीएंनी सही केली. दिल्लीहून पत्र आलं: २१ दिवसांत म्हणणं मांडा. त्यातले आठ दिवस गेले. वकील असलेले मेहुणे सांगतात, "उत्तर देऊ नका, दिलंत की अडकलात. सरळ हायकोर्टात रिट याचिका टाकू, स्टे (स्थगिती) आणू." पत्रलेखक विचारतात, "तपास करणारेही तेच आणि न्याय देणारेही तेच, मग त्यांच्यापुढे जायचंच कशाला? गावात बोभाटा झालाय. वडिलांना सांगायची हिंमत नाही. थेट कोर्टात जाऊ का?"

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मन तुम्ही लिहिलेल्या, गड्ड्याच्या जत्रेतल्या प्रसंगापाशी अडकलं. पाळण्यांची गर्दी, हातात लेकीचा हात, आणि समोरून ओळखीचा सूत व्यापारी चारचौघांत विचारतो, "काय सीएसाहेब, नोटीस आली म्हणे?" अशा वेळी माणसाला आधी तोंड लपवावंसं वाटतं आणि मग कुणाची तरी गचांडी धरावीशी वाटते. हायकोर्टात जायच्या तुमच्या घाईत मला हे दोन्ही दिसतं. दुसऱ्यांदा वाचताना मी एका ओळीवर थांबले. ती ओळ इतकी घाईत लिहिली आहे की अक्षरसुद्धा बदललंय. तिच्याकडे पुढे येते.

आधी पाकीट. तुम्ही त्याला सगळीकडे 'नोटीस' म्हटलंय. तुम्ही जोडलेली प्रत मी पाहिली. ती धाकट्या भावाच्या तक्रारीची प्रत आहे आणि सोबत तुमचं म्हणणं मागवणारं दीड पानी पत्र. इन्स्टिट्यूटने तुमच्यावर अजून कसलाही ठपका ठेवलेला नाही. १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याखाली तक्रार आली की शिस्तपालन संचालकांना ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याकडे पाठवावीच लागते. तुमचं उत्तर गेलं की ते तक्रारदाराकडे जाईल, तो प्रत्युत्तर देईल, आणि त्यानंतर संचालक आपलं प्रथमदर्शनी मत लिहितील. दोष दिसत नाही असं मत झालं तर प्रकरण मिटायचा रस्ता तिथेच सुरू होतो. (मिटतंच असं नाही. संचालकांनी 'दोष नाही' म्हटलं तरी वरच्या शिस्तपालन मंडळाला ते मत अमान्य करून प्रकरण पुढे चालवता येतं, आणि तसं सांगणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये वैध ठरवलाय.) म्हणजे आज तुम्ही पहिल्या पायरीवर आहात. मेहुणे तुम्हाला तिथूनच गच्चीवर उडी मारायला सांगताहेत.

मेहुण्यांचा राग धरू नका. घरातला माणूस अडचणीत असला की वकिलालासुद्धा आधी स्टेच आठवतो. ते तुम्हाला एक ताजा निकालही दाखवतील. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिललाच, म्हणजे वकिलांची शिस्त पाहणाऱ्या संस्थेलाच, ५० हजार रुपयांचा भुर्दंड लावला. विरुद्ध पक्षाच्या वकिलावर केलेली पोकळ तक्रार कौन्सिलने शिस्तपालन समितीकडे ढकलून दिली होती. तिथे मुंबई हायकोर्टाने मध्येच चौकशी थांबवली होती, हेही खरं. पण ते का झालं ते पाहा. वकिलांच्या १९६१ च्या कायद्यात कलम ३५ मध्ये एक दार आहे: गैरवर्तन झालं असं मानायला कारण आहे, याची बार कौन्सिलने स्वतः खात्री करायची आणि मगच प्रकरण समितीकडे पाठवायचं. त्या प्रकरणात दारावर कुणी नीट पाहिलंच नव्हतं, आदेशात कारणही धड लिहिलं नव्हतं. म्हणून कोर्ट मध्ये पडलं. तुमच्या कायद्यातलं तसं दार म्हणजे संचालकांचं प्रथमदर्शनी मत, आणि ते अजून लिहिलंच गेलेलं नाही. जो आदेश झालाच नाही तो रद्द करा म्हणून हायकोर्टाला काय सांगणार?

नुसत्या नोटिशीच्या किंवा आरोपपत्राच्या टप्प्यावर सहसा रिट चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलंय. अपवाद आहेत. १९९८ च्या व्हर्लपूल प्रकरणापासून वकील ते तोंडपाठ म्हणतात: मूलभूत हक्कावर घाला असेल, नैसर्गिक न्याय डावलला असेल, कारवाई करणाऱ्याला तो अधिकारच नसेल, किंवा मुळात कायद्यालाच आव्हान असेल, तर दुसरा उपाय शिल्लक असूनही हायकोर्ट ऐकतं. तुमच्या बाबतीत यातलं काय झालंय? तुम्ही सभासद आहात, ऑडिटवर सही तुमची आहे, आणि ते तुम्हाला बोलायला सांगताहेत. बोलायची संधी मिळाली म्हणून 'संधी नाकारली'ची तक्रार करता येत नाही.

वकिली करत असताना माझ्याकडे एक डॉक्टर आले होते, जिल्ह्यातलेच. त्यांनी नेमकं हेच केलं होतं. मेडिकल कौन्सिलचं पत्र आल्याबरोबर मुंबईला रिट. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री जायचं आणि दुसऱ्या रात्री परत, असे सात-आठ फेरे झाले. शेवटी कोर्टाच्या चेहऱ्यावरून कळलं तेव्हा याचिका मागे घेतली, 'म्हणणं कौन्सिलपुढे मांडायची मुभा ठेवून'. मधल्या काळात त्यांच्या दवाखान्यातली नर्स, जी त्या रात्रीची एकमेव साक्षीदार होती, नोकरी सोडून हैदराबादला गेली. मग तिला शोधायचं कुठे?

आता तुमचा मुख्य आक्षेप. 'तपास तेच, न्याय तेच.' हा आक्षेप खोटा नाही, जुना आहे. आणि गंमत म्हणजे तो सर्वात जोरात तुमच्याच व्यवसायातल्या लोकांनी मांडलाय आणि जिंकलाय. १९८६ मध्ये एल. के. रत्ना यांचं प्रकरण मुंबई हायकोर्टातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेव्हाच्या रचनेत शिस्तपालन समिती चौकशी करायची आणि सभासद दोषी की निर्दोष हे इन्स्टिट्यूटची कौन्सिल ठरवायची. मात्र समितीतलेच सदस्य कौन्सिलच्या बैठकीतही बसायचे. न्यायालयाने म्हटलं, हे चालणार नाही. ज्यांनी चौकशी केली त्यांनी निवाड्यात बसू नये आणि दोषी ठरवण्याआधी कौन्सिलनेही सभासदाचं ऐकावं. इन्स्टिट्यूटचा एक युक्तिवाद होता की पुढे अपील आहेच, तिथे भरून निघेल. न्यायालयाने तो मानला नाही. व्यावसायिकाच्या नावाला लागलेला डाग पहिल्याच निर्णयाबरोबर लागतो, नंतर अपिलात सुटला तरी तो पुरता जात नाही, अशा अर्थाचं त्यात लिहिलंय. गड्ड्यातला तो प्रश्न तुम्हाला जिथे टोचला, ती जागा न्यायालयाला माहीत आहे.

पुढे २००६ मध्ये कायदा बदलला. आता प्राथमिक तपास संचालकांकडे आणि निर्णय वेगळ्या मंडळाकडे किंवा समितीकडे असतो, आणि त्या समितीत केंद्र सरकारने नेमलेले सदस्यही असतात. रचना निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. शेवटी छप्पर एकच आहे. पण 'सगळं एकाच माणसाच्या हातात' हे तुमचं वाक्य आजच्या कायद्याला लागू पडत नाही, आणि ते याचिकेत घातलंत तर पहिल्याच तारखेला खोडलं जाईल.

तुमच्या पत्रामागे एक समजूत आहे, ती बहुतेकांची असते: कोर्टात गेलं की न्यायाधीश फाइल उघडून खरं काय ते शोधतील. हायकोर्ट ते करत नाही. तुम्हाला हे सर्वात लवकर कळेल, कारण तुम्ही स्वतः तेच काम करता. ऑडिटर वह्या लिहीत नाही. लिहिलेल्या वह्यांमागे व्हाउचर आहे का, पद्धत पाळली का, आकड्याला आधार आहे का, एवढं बघतो. तुम्हाला शिकताना किंग्स्टन कॉटन मिलचा निकाल पाठ करायला लावला असेलच. इंग्लंडमधला, १८९६ चा. ऑडिटर हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे. तिथेही कापडाचीच गिरणी होती आणि भांडण फुगवलेल्या मालाचंच होतं! रिटमधलं हायकोर्ट असंच राखणीला बसलेलं असतं. अधिकार होता का, ऐकून घेतलं का, बसणारे निःपक्ष होते का, आदेशाला कारणं आहेत का, निष्कर्षाला थोडातरी पुरावा आहे का, आणि शिक्षा ऐकून कुणीही 'अरे, हे अतीच झालं' म्हणेल इतकी जबर आहे का. पुरावा कमी की जास्त, तुमचं पटतं की धाकट्या भावाचं, यात ते सहसा शिरत नाही.

म्हणून मेहुण्यांचा 'उत्तर देऊ नका' हा सल्ला मला जास्त धोक्याचा वाटतो. पुढे कधी हायकोर्टापुढे जायची वेळ आलीच, तर ते न्यायाधीश तुम्ही आज लिहिलेलं उत्तर वाचणार आहेत. त्यात जे नाही ते तुमच्या मनात कितीही असलं तरी फाइलवर नाही. उत्तरच दिलं नाही तर 'यांना काही सांगायचं नाही' असं धरून संचालक पुढे जाऊ शकतात, नियमच तसा आहे.

यावर १९५७ चा एक निकाल मी नवख्या वकिलांना हटकून सांगत असे. राजस्थानातले माणकलाल नावाचे वकील, त्यांच्यावर गैरवर्तनाची तक्रार. चौकशीला जे न्यायाधिकरण बसलं त्याचे अध्यक्ष पूर्वी तक्रारदाराचे वकील म्हणून उभे राहिलेले. सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की अशा माणसाने तिथे बसायलाच नको होतं. तरीही माणकलाल हरले. का? चौकशी चालू असताना त्यांनी हरकत घेतली नव्हती, निकाल विरुद्ध गेल्यावर घेतली. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की धाकट्या भावाचे नवे सीए 'वरपर्यंत ओळखी असलेले' आहेत. हा नुसता संशय असेल तर सोडून द्या, उत्तरात त्याचा ब्रही नको. पण उद्या समितीत बसणाऱ्या कुणाचा त्या कुटुंबाशी किंवा त्या सीएंशी व्यवहाराचा संबंध आहे असं कागदाने दाखवता येत असेल, तर ती हरकत पहिल्या तारखेलाच, लेखी. पोटात ठेवून निकालाची वाट पाहिलीत तर ती तुमची राहत नाही.

आता ती ओळ, वर्षअखेरच्या मालाच्या मोजणीची. डाईंगवाला म्हणजे कारखान्याचा माल रंगवून देणारा. तुम्ही लिहिता: "मोजणीला मी स्वतः गेलो होतो, फक्त डाईंगवाल्याकडच्या ४० गाठी पाहिल्या नाहीत, त्याचं थोरल्या भावाने पत्र दिलं होतं."

त्या 'फक्त'वर मी बराच वेळ थांबले. बाकीच्या दोन पानांत तुम्ही इन्स्टिट्यूट, मेहुणे, गाव, भाऊ, सगळ्यांवर लिहिलंय. पण तक्रार ज्या मालाची आहे तो एका ओळीत उरकलाय. किंग्स्टनच्या काळी व्यवस्थापकाच्या दाखल्यावर विसंबलेला ऑडिटर सुटला. आज तुमच्याच ऑडिटिंग मानकांत, ५०१ क्रमांकाच्या, मोठ्या रकमेचा माल तिसऱ्याच्या ताब्यात असेल तर त्या तिसऱ्याकडून खात्री मागवा किंवा जाऊन पाहा, असं आहे. मालकाचं पत्र म्हणजे तिसऱ्याची खात्री नव्हे. हे मी तुम्हाला शिकवायला नको. तुम्हाला ते माहीत आहे, म्हणून तर अक्षर बदललं.

याचा अर्थ तुम्ही दोषी असा नाही. त्या ४० गाठी एकूण मालाच्या किती होत्या? पाच टक्के की तीस? मागच्या आठ वर्षांत डाईंगवाल्याकडचा माल असाच दाखवला जायचा का, आणि पुढच्या महिन्यात तो टॉवेल होऊन विकला गेल्याची बिलं आहेत का? माल रंगवायला पाठवल्याची, जॉबवर्कची चलनं असतीलच. कायद्याचे शब्द आहेत 'पुरेशी दक्षता न घेणं किंवा घोर निष्काळजीपणा'. एखादी चूक आणि घोर निष्काळजीपणा यांतलं अंतर या चलनांनीच मोजलं जाणार आहे. तेव्हा उत्तरात या गाठी लपवू नका. धाकट्या भावाला त्यांची माहिती आहे, कारखाना त्याचाही आहे. त्याच्या प्रत्युत्तरात त्या पहिल्यांदा दिसण्यापेक्षा तुमच्या उत्तरात, आकड्यांसकट दिसू द्या.

त्या दिवशीचा मोजणीचा कागद शोधा. तुम्ही लिहिलंय की गोडाऊनचे स्टोअरकीपर मालाची नावं तेलुगूत लिहितात आणि तुम्ही कोपऱ्यात सही करून तारीख टाकली होती. तो कागद, बॉलपेनने लिहिलेला, कडेला सुताचा भुगा चिकटलेला, तुमच्या दहा पानी बचावापेक्षा जास्त बोलेल. मराठी भाषांतर करून जोडा, मूळ प्रत जपा. नसेल सापडत तर 'सापडत नाही' असंच लिहा. आज बसून नवा कागद तयार करायचा मोह झाला तर पेन खाली ठेवून सात रस्त्यापर्यंत चालून या. हे कठोर वाटेल, पण चांगली माणसं याच ठिकाणी घसरलेली मी पाहिली आहेत, आणि तिथून कुठलंही कोर्ट त्यांना वर काढू शकलेलं नाही.

थोरल्या भावाने तुम्हाला निरोप दिलाय की "आम्ही आपसात मिटवतो, मग तो तक्रार मागे घेईल." मिटलं तर आनंद आहे, कारखाना तरी वाचेल. पण त्यावर विसंबून मुदत घालवू नका. तक्रारदाराने माघार घेतली तरी प्रकरण आपोआप बंद होत नाही. परवानगी द्यायची की नाही ते मंडळ किंवा समिती ठरवते. व्यवसायाची शिस्त हा दोन भावांचा वाटणीचा मामला नाही, असं त्यामागचं गणित.

माझ्याकडे अशाच अर्थाची पत्रं वकिलांची आणि डॉक्टरांचीही पडून आहेत, त्यांच्यासाठी दोन ओळी. वकिलांनो, राज्य बार कौन्सिलच्या समितीने एका वर्षात निकाल दिला नाही तर प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे जातं, आणि तिच्या आदेशावर थेट सर्वोच्च न्यायालयात अपील आहे. ते अपील आहे, रिट नव्हे, त्यामुळे तिथे पुराव्यात आणि शिक्षेतही शिरता येतं. १९७९ मध्ये न्यायालयाने एका वकिलाची निलंबनाची शिक्षा कमी करून त्याला गरिबांसाठी मोफत काम करायला लावलं होतं. डॉक्टरांना राज्य कौन्सिलच्या कारवाईविरुद्ध २०१९ च्या कायद्याखाली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाकडे आणि तिथून आयोगाकडे जाता येतं. दोघांनीही आदेश हातात पडल्याची तारीख लिहून ठेवावी. मुदती तिथून धावतात.

तुमच्याकडे परत. समजा सगळं विरुद्ध गेलं. शिक्षा करण्यापूर्वी तुम्हाला ऐकून घ्यावंच लागतं. ताकीद, दंड, काही काळासाठी किंवा कायमचं नाव काढणं, असा तो पल्ला आहे. आदेशानंतर अपिलीय प्राधिकरणाकडे ९० दिवसांत अपील करता येतं, आणि तिथे शिक्षा कमी होऊ शकते, रद्दही होऊ शकते. हायकोर्ट त्याच्याही पुढे आहे, आणि तेव्हा खरोखर काही दाखवायला असेल तर जरूर जा. ऑगस्ट २०२५ पासून आपल्या जिल्ह्याचं काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेलंय, मुंबईच्या रात्रगाडीची गरज नाही. आदेश दिल्लीत झाला तर याचिका दिल्लीत की कोल्हापुरात हा वाद निघेल. तो तेव्हा मेहुण्यांना घालू द्या, त्यांना आवडेल. आत्ता मात्र उत्तर लिहायला शिस्तपालनाची प्रकरणं चालवलेला एखादा ज्येष्ठ सीए शोधा आणि मेहुण्यांना मसुदा वाचायला द्या. उलटं नको.

राहिले वडील. तुम्ही लिहिलंय की ते गिरणीत बदली कामगार होते, मुलगा सीए झाला तेव्हा त्यांनी चाळीत शेंगदाण्याची पोळी वाटली होती, आणि आता त्यांना हे कसं सांगू? मला वाटतं तुम्ही त्यांना ओळखण्यात चूक करताय. गिरणीत आयुष्य काढलेल्या माणसाला चार्जशीट नवी नसते. किती सोबत्यांची खात्याची चौकशी त्यांनी पाहिली असेल, कोण उत्तर न देता घरी बसला, कोण युनियनचा माणूस घेऊन मुदतीत गेला, त्यांना नावानिशी आठवत असेल. आज रात्री जेवण झाल्यावर पाकीट त्यांच्यापुढे ठेवा. आणि त्याआधी, संध्याकाळी ऑफिस बंद करण्यापूर्वी, मुदतवाढीचा अर्ज ईमेलने आणि स्पीड पोस्टने पाठवा. संचालक ३० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतात, पण मागावी लागते. पोस्टाची पावती त्याच फाइलला लावा.